कंदिलामागची फ्लॉरेन्स

तुम्ही कधी रात्रीच्या वेळी रुग्णालयात गेला आहात का? घरातील कोणी आजारी असेल, तर गेलाही असाल. दिवसाची गर्दी ओसरलेली असते. लांबलचक दालनात ओळीने खाटा मांडलेल्या असतात आणि त्या साऱ्या खाटांमधून एखाददुसरी परिचारिका फिरत असते. कोणाचे सलाईन संपत आलेले असते, कोणाला ताप चढलेला असतो, कोणी वेदनेने कण्हत असतो. एखाद्या रुग्णाचे नातेवाईक चिडलेले असतात. या सर्वांशी तिने शांतपणे आणि गोड बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. तिचे पाय दुखत असतील, तिचे स्वतःचे मूल घरी तापाने फणफणले असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

रुग्णाची काळजी परिचारिका घेते. मग परिचारिकेची काळजी कोणी घ्यायची? २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा हा प्रश्न जगभर विचारला गेला. योगायोग असा, की त्याच वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण झाली होती. हातात दिवा घेतलेल्या या बाईंचे चित्र तुम्ही कुठेतरी पाहिले असेल. त्यांना हा प्रश्न फार लवकर कळला होता. दुसऱ्या परिचारिकांसाठी त्यांनी त्याचे उत्तर शोधलेही. स्वतःसाठी मात्र त्यांनी ते कधी वापरले नाही. त्यांची ही हकिकत आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स या शहरात झाला. आईवडील इंग्रज होते आणि तेव्हा ते इटलीत प्रवास करत होते. मुलीला त्यांनी त्या शहराचेच नाव दिले. कुटुंब अतिशय श्रीमंत होते. इंग्लंडमध्ये त्यांची दोन मोठी घरे होती. उन्हाळा एका घरात जाई आणि बाकीचे दिवस दुसऱ्यात. वडील विद्वान होते. त्या काळी मुलींना शिवणटिपण आणि गाणेबजावणे एवढेच शिकवत. पण या वडिलांनी आपल्या दोन्ही मुलींना लॅटिन, ग्रीक, इतिहास आणि तत्त्वज्ञान स्वतः शिकवले. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी होती. आकड्यांची ही आवड पुढे हजारो लोकांचे प्राण वाचवणार होती.

वयाच्या सोळाव्या वर्षी, १८३७ साली, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे असे तिला वाटले. कोणती सेवा, हे काही तिला कळेना. आजूबाजूच्या गरीब वस्तीत जाऊन ती आजाऱ्यांची विचारपूस करू लागली. हळूहळू तिची खात्री पटली, की आपले काम रुग्णसेवेचे आहे. मराठीत त्याला शुश्रूषा म्हणतात. तुम्ही उर्दूत तीमारदारी म्हणता.

१८४५ साली तिने घरात हे बोलून दाखवले आणि घरात जणू वादळ उठले. आईला रडू कोसळले. बहीण आजारी पडली. तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण त्या काळचे इस्पितळ म्हणजे घाण, दुर्गंधी आणि दारू पिऊन येणाऱ्या नोकर बायका, असेच लोक समजत. चांगल्या घरातील मुलीने तिथे पाऊलही टाकू नये, असा रिवाज होता. परवानगी मिळाली नाही. मग फ्लॉरेन्सने काय केले? ती पहाटे सर्वांच्या आधी उठे, अंगाभोवती शाल गुंडाळून मेणबत्तीच्या उजेडात इस्पितळांचे अहवाल वाचत बसे आणि वहीत टिपणे करी. न्याहारीच्या वेळी खाली येऊन पुन्हा आज्ञाधारक मुलगी होई. असे कित्येक वर्षे चालले. या दिवसांत तिच्या मनाची फार ओढाताण झाली. रिचर्ड मंक्टन मिल्न्स नावाच्या एका सज्जन गृहस्थाने तिला लग्नाची मागणी घातली होती. तो तिला आवडतही होता. तरी १८४९ साली तिने नकार दिला. संसार आणि हे काम दोन्ही एकत्र होणार नाहीत, असे तिला वाटले. त्या काळी ते खरेच होते. आज अनेक परिचारिका दोन्ही सांभाळतात. ते सोपे असते असे मात्र समजू नका.

अखेर १८५१ साली तिला जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे तीन महिने शिकण्याची संधी मिळाली आणि १८५३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या एका लहान इस्पितळाची ती प्रमुख झाली. आता ती मोठ्या पदावर आली, म्हणून आपणही यापुढे तिला आदराने ‘त्या’ म्हणू.

या इस्पितळात त्यांनी पहिल्यांदा काय मागितले ते ऐका. औषधे नाहीत, नवी उपकरणे नाहीत. त्यांनी सांगितले, की गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर आले पाहिजे. रुग्णांचे जेवण दोरीने ओढल्या जाणाऱ्या पाळण्यातून वर आले पाहिजे. रुग्णाने घंटा वाजवली, की ती कोणी वाजवली हे बाहेर दिसले पाहिजे. यामागचा हिशेब साधा होता. परिचारिका दिवसभर बादल्या आणि ताटे घेऊन जिने चढत-उतरत राहिली, तर तिच्यात रुग्णाजवळ बसण्याची ताकद उरणार नाही. तिचे पाय वाचवले, तर तिचे मनही ताजे राहील. मला तर वाटते, की त्यांच्या साऱ्या मोठ्या कामांपेक्षा या घंटेच्या गोष्टीतून त्या अधिक चांगल्या कळतात.

पुढच्याच वर्षी ती वेळ आली. ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला, असे युद्ध काळ्या समुद्राकाठच्या क्रिमिया प्रांतात पेटले होते. जखमी ब्रिटिश सैनिकांना जहाजात घालून समुद्रापलीकडे स्कुटारी येथे आणत. हे स्कुटारी म्हणजे इस्तंबूल शहराचा आशिया खंडाकडील भाग. तुर्की लोक त्याला उस्कुदार म्हणतात. तिथली सुलतान सलीम यांच्या नावाची प्रचंड मोठी बराक इस्पितळासाठी दिलेली होती. सैनिक तिथे कुत्र्याच्या मौतीने मरत आहेत, अशा बातम्या लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आल्या आणि इंग्लंड हादरले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सबाईंचे स्नेही होते. त्यांनी बाईंना जाण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांना घेऊन त्या निघाल्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्कुटारीला पोहोचल्या.

तिथे त्यांचे स्वागत झाले असेल असे तुम्हाला वाटते का? लष्करी डॉक्टरांना या बायका मुळीच नको होत्या. आपल्या कामात ढवळाढवळ होणार म्हणून त्यांनी त्यांना रुग्णांना हात लावू दिला नाही. पलीकडे सैनिक कण्हत होते आणि अलीकडे परिचारिका रिकाम्या बसल्या होत्या. त्या संतापल्या. काहींना रडू आले. बाईंनाही राग आला असणारच. पण तो त्यांनी गिळला. डॉक्टर बोलावतील तेव्हाच आत जायचे, असा त्यांनी कडक हुकूम काढला. तोपर्यंत सर्वांनी बसून जखमांच्या पट्ट्या, उशा आणि झोळ्या शिवायच्या. भांडून दार उघडले असते, तर ते पुन्हा बंद झाले असते, हे त्यांनी ओळखले होते. थोड्याच दिवसांत लढायांतील जखमींचे लोंढे येऊ लागले. डॉक्टरांचे हात अपुरे पडले आणि त्यांनी आपणहून निरोप धाडला.

नेहमीच त्यांना असे जमले, असे मात्र नाही. डिसेंबरमध्ये लंडनहून आणखी चाळीसहून अधिक परिचारिका न विचारता पाठवल्या गेल्या, तेव्हा त्यांचा तोल गेला. त्यांनी हर्बर्ट यांना अतिशय कठोर पत्र लिहिले आणि आलेल्या बायकांशीही त्या तुसडेपणाने वागल्या. त्या थकलेल्या होत्या, हे खरे. पण त्या आलेल्या बायकांचा त्यात काय दोष होता?

त्या हिवाळ्याची कल्पना करणे कठीण आहे. खाटांच्या रांगा एकापुढे एक धरल्या, तर चार मैल भरतील असे सांगत. खाटांमध्ये वीतभर-दोन वीत अंतर. उंदीर, उवा, तुंबलेली गटारे. अंगाला साबण नाही, बदलायला सदरा नाही. बाईंनी जमिनी घासण्यासाठी ब्रश मागवले. एक घर भाड्याने घेतले, तिथे मोठे हंडे बसवले आणि सैनिकांच्या बायकांना पगार देऊन कपडे धुण्याचे काम दिले. निधी ‘टाइम्स’ने जमवला होता, पैसे कमी पडले तर त्या स्वतःचे घालत. कधी कधी त्या सलग वीस तास उभ्या असत. रात्री आठनंतर दुसऱ्या परिचारिकांना दालनात थांबण्याची परवानगी नव्हती. तेव्हा त्या एकट्याच हातात दिवा घेऊन रांगांमधून फिरत.

या दिव्याबद्दल एक गंमत सांगतो. चित्रकारांनी त्यांच्या हातात अल्लादिनच्या चिरागासारखा दिवा दाखवला आहे. खरा दिवा तसा नव्हता. तो घडी होणारा तुर्की कंदील होता आणि त्याचे नाव होते ‘फानूस’. हा शब्द तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

फेरी संपली, की त्या लिहायला बसत. मेलेल्या सैनिकाच्या आईला पत्र, बायकोला पत्र, सरकारला पत्र. त्या पहिल्या हिवाळ्यात आपण सुमारे दोन हजार माणसांचे मरण जवळून पाहिले, असा त्यांचा स्वतःचा अंदाज होता. एवढी मरणे पाहिलेले मन कुठे मोकळे करायचे? त्यांच्यापाशी जागा नव्हती. इंग्लंडहून निघण्याच्या गडबडीत त्यांचे लाडके लहान घुबडही मेले होते. अथेन्स शहरात त्यांनी ते मुलांच्या तावडीतून सोडवले होते आणि त्या ते खिशात घेऊन फिरत. ते मेले तेव्हा त्या रडल्या होत्या.

आता या कथेतील सर्वांत कठीण भाग येतो. एवढे कष्ट करूनही सैनिक मरतच होते. १८५५ च्या फेब्रुवारीत दर १०० रुग्णांमागे सुमारे ४२ जण दगावले. बहुतेकांचा बळी जखमांनी घेतला नव्हता. ज्वर, पटकी आणि हगवण यांनी घेतला होता. मार्चमध्ये सरकारने आरोग्य तपासणारे एक मंडळ पाठवले. त्या लोकांनी गटारे धुऊन काढली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. पिण्याचे पाणी ज्या पाटातून येत होते, त्यात त्यांना मेलेला घोडा सापडला. जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास उतरले.

मे १८५५ मध्ये बाई क्रिमियातील आघाडीवरची इस्पितळे पाहण्यासाठी गेल्या आणि तिथे तापाने अंथरुणाला खिळल्या. दोन आठवडे जीव टांगणीला होता. डोक्यावरचे केस कापावे लागले. इंग्लंडला परत जा, असे सर्वांनी सांगितले. त्यांनी ऐकले नाही. युद्ध संपल्यावर, शेवटचा रुग्ण गेल्यावर, १८५६ च्या उन्हाळ्यात त्या निघाल्या. तुर्कस्तानच्या सुलतानांनी त्यांना हिऱ्यांचे कंकण भेट दिले होते. इंग्लंडमध्ये मिरवणुकीची तयारी होती. त्यांनी ‘मिस स्मिथ’ असे खोटे नाव घेऊन प्रवास केला आणि स्टेशनवरून एकट्याच चालत घरी आल्या.

घरी आल्यावरही स्कुटारी त्यांना सोडत नव्हती. झोप येईना, अन्न जाईना. विश्रांती घेण्याऐवजी त्या सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे जमवू लागल्या. विल्यम फार हे मोठे संख्याशास्त्रज्ञ त्यांच्या मदतीला होते. तोवर बाईंचा समज होता, की सैनिक उपासमारीने आणि फार उशिरा इस्पितळात आल्याने मेले. आकडे वेगळेच बोलू लागले. माणसे इस्पितळातील घाणीने मेली होती. त्या स्वतः ज्या इमारतीत रात्रंदिवस राबल्या, त्याच इमारतीतील घाणीने. जरा विचार करा. आपण जीव तोडून ज्यांची सेवा केली, ते आपल्या डोळ्यांसमोर टाळता येण्याजोग्या कारणाने गेले, हे कळल्यावर माणसाचे काय होत असेल?

ऑगस्ट १८५७ मध्ये त्या कोसळल्या. तेव्हा त्या अवघ्या ३७ वर्षांच्या होत्या. पुढची अनेक वर्षे त्यांनी बहुतेक खोलीत आणि अंथरुणावर काढली. क्रिमियातील ताप शरीरात टिकून राहिला होता, असे आज बरेच डॉक्टर मानतात. मनावरच्या ओझ्याचाही त्यात भाग होता, असे काही अभ्यासकांचे मत आहे. दोन्ही खरे असू शकेल. पण एक गोष्ट त्यांनी केली, ती फार थोडे लोक करतात. ते आकडे त्यांनी लपवले नाहीत. मंत्री आणि राणी यांना एका नजरेत कळावे म्हणून त्यांनी रंगीत पाकळ्यांसारखी चित्रे काढली. मोठी पाकळी रोगाने मेलेल्यांची, लहान पाकळी जखमांनी मेलेल्यांची. सैन्याच्या बराकी आणि इस्पितळे त्यामुळे सुधारली.

अंथरुणावरून त्या जेवढे काम करत, तेवढे धडधाकट माणसालाही झेपले नसते; आणि इतरांनीही तसेच करावे असा त्यांचा हट्ट असे. सिडनी हर्बर्ट मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होते. काम सोडू द्या, असे त्यांनी विनवले. बाईंनी त्यांना सोडले नाही. १८६१ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. बाईंनी पुढे खूप शोक केला. पण शोकाने गेलेला माणूस परत येत नाही. दुसऱ्याचा थकवा ओळखणारी ही बाई आपल्या जिवलग मित्राचा थकवा ओळखू शकली नाही, हे लिहिताना मला वाईट वाटते. पण ते लिहायलाच हवे.

याच काळात त्यांचे सर्वांत टिकाऊ काम सुरू झाले. क्रिमियाच्या युद्धानंतर लोकांनी त्यांच्या नावाने सुमारे ४५,००० पौंडांचा निधी जमवला होता. त्यातून ९ जुलै १८६० रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उघडली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या. प्रत्येकीला स्वतःची वेगळी लहान खोली होती, बसायला एक सामाईक दिवाणखाना होता, वेळेवर जेवण होते, गणवेश होता आणि वर्षाला दहा पौंड होते. गरिबाघरच्या मुलीला स्वतःची खोली! दिवसभर दुसऱ्यांच्या दुःखात वावरल्यावर रात्री दार लावून एकटे बसता यावे, हा त्यामागचा विचार होता. पुरेशी झोप, मोकळ्या हवेत फेरफटका आणि वर्षातून सुट्टी यांचा त्या नेहमी आग्रह धरत.

शुश्रूषेवरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी एक संपूर्ण प्रकरण व्यवस्थेवर लिहिले आहे. त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही हजर असताना जे काम नीट होते, ते तुमच्या गैरहजेरीतही तसेच झाले पाहिजे. जी बाई आपल्यावाचून काही चालत नाही याचा अभिमान बाळगते, तिला व्यवस्था करता येत नाही, असे त्या मानत. या कसोटीवर स्वतः त्याच नापास झाल्या असत्या, नाही का?

शाळेतून तयार झालेल्या ॲग्नेस जोन्स या १८६५ मध्ये बारा परिचारिकांना घेऊन लिव्हरपूलच्या गरिबांसाठीच्या इस्पितळात गेल्या. तिथे हजाराहून अधिक रुग्ण होते. त्यांनी काम उत्तम केले, पण स्वतःला जपले नाही. १८६८ मध्ये टायफस तापाने त्या गेल्या. वय होते अवघे ३५. बाईंना हा फार मोठा धक्का होता.

त्यानंतर हळूहळू त्या बदलत गेल्या. तरुण परिचारिकांना एकेक करून आपल्या घरी चहाला बोलावू लागल्या. काम कसे चालले आहे, एवढेच त्या विचारत नसत. नीट झोपतेस का, जेवतेस का, हेही विचारत. नव्या इस्पितळात प्रमुख म्हणून कोणी रुजू होणार असेल, तर तिच्या खोलीत त्यांनी पाठवलेली फुले आधीच पोहोचलेली असत. १८७२ पासून त्या परिचारिकांना उद्देशून लांब पत्रे लिहीत. घरात मांजरे भरपूर होती. एकाचे नाव बिस्मार्क होते! त्यांच्या काही कागदांवर त्या मांजरांच्या शाईने भरलेल्या पंजांचे ठसे आजही दिसतात.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्यात दरवर्षी हजारी ६९ सैनिक मरतात, हे त्यांनी इथल्या छावण्यांकडून माहिती मागवून दाखवून दिले. १८६३ मध्ये तो अहवाल निघाला. पुढे त्या सैनिकांवर न थांबता इथल्या खेड्यांचे पाणी, गटारे आणि दुष्काळ यांवर लिहू लागल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. हिंदुस्थान त्यांनी कधीच पाहिला नाही. सारे काम लंडनच्या खोलीतून झाले.

म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. १९०७ मध्ये राजाने त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा मोठा किताब दिला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी दुपारी त्या झोपल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. वय ९० वर्षांचे होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेराण्यांशेजारी त्यांना जागा देऊ केली होती. घरच्यांनी त्यांच्या इच्छेप्रमाणे नकार दिला आणि गावाकडच्या लहान चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ त्यांचे दफन केले. दगडावर त्यांच्यासाठी पूर्ण नावही कोरलेले नाही. फक्त दोन अक्षरे आहेत, आणि खाली जन्माची नि मृत्यूची नोंद.